बुरशीची रंगसंपदा

जिच्या नुसत्या दर्शनाने आपण अन्न टाकून देतो, त्या बुरशीच्या सूक्ष्म तंतूंत पीत, रक्त, हरित अशा नाना वर्णांचा संचय असतो. शिजवलेल्या तांदळावर मोनास्कस नामक बुरशी वाढवून त्यास किरमिजी रंग आणण्याची विद्या चीनमध्ये शतकानुशतके चालत आली असून, जावातील अशाच तांदळावरून वेंट या डच शास्त्रज्ञाने १८९५ साली त्या बुरशीचे वर्णन केले. खनिज तेलापासून बनणाऱ्या कृत्रिम रंगांच्या जागी असे रंग यावेत हे इष्टच. कारण बुरशीला ना शेत लागते ना ऋतू, आणि शेतमालाच्या अवशेषांवरही ती बंद टाक्यांत वाढते.

तथापि मोनास्कसच्या काही वाणांत मूत्रपिंडास अपायकारक असे सिट्रिनिन विष निपजते, म्हणून युरोप व अमेरिकेत त्या रंगास खाद्यरंगाचा परवाना नाही. उलट ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीपासूनचे बीटा-कॅरोटीन युरोपात रीतसर मंजूर आहे.

कुजक्या लाकडास निळसर हिरवी छटा देणारे झायलिंडीन हे बुरशीचे रंगद्रव्य तर पंधराव्या शतकातील इटालियन कारागिरांच्या जडावकामात आजही टिकून आहे; त्याच टिकाऊपणामुळे अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठात अर्धवाहक द्रव्य म्हणून त्याचा अभ्यास झाला, आणि सौरविजेच्या साधनांत अशा सेंद्रिय द्रव्यांस स्थान मिळण्याची आशा निर्माण झाली. ही संपदा वापरात आणताना विषपरीक्षेची शिस्त मात्र कदापि शिथिल होऊ नये. कारण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज शास्त्रास मान्य नाही.