हर्नचें प्रवासवृत्त व कॉपरमाइन नदीकांठचें तांबें

जुन्या कागदांतील एक तपशील खोटा ठरला म्हणजे सारा कागदच त्याज्य मानावा काय, हा प्रश्न संशोधकांपुढें नित्य उभा राहतो. त्याचा निकाल बहुधा दुसऱ्या कागदावरून लागतो. परंतु उत्तर कॅनडांत ध्रुवसमुद्राच्या कांठीं एका प्रवासवृत्ताची साक्ष खडकाला छिद्रें पाडून तपासली गेली. तिची हकीकत येथें देतों.

हडसन्स बे कंपनीच्या प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यावर डेने लोक तांब्याचे तुकडे आणीत. दूर उत्तरेस एका नदीजवळ तांबें इतकें आहे कीं, जहाजाच्या तळाशीं भारासाठीं दगडांऐवजीं तेंच भरावें, अशी वार्ता होती. तिचा शोध घेण्यास कंपनीनें सॅम्युएल हर्न यास धाडलें. पहिल्या दोन मोहिमा फसल्या. तिसऱ्या खेपेस, ७ डिसेंबर १७७० रोजीं, मातोनाबी या डेने पुढाऱ्यासह तो निघाला व जुलै १७७१ मध्यें कॉपरमाइन नदीवर पोंचला. नदीमुखापासून सुमारें ३० मैलांवर खाणीची जागा होती. तेथें सर्वांनीं जवळ जवळ चार तास धुंडूनहि सांगण्यासारखा एकच तुकडा हातीं लागला. त्याचें वजन ४ पौंडांहून किंचित् अधिक भरलें.

सोबत्यांनीं त्यास एक कथा सांगितली. तांब्याची जागा दाखविणाऱ्या स्त्रीची पुरुषांनीं विटंबना केली. तेव्हां ती तेथेंच बसून राहिली आणि हळूहळू तांब्यासह भूमींत गडप झाली. वर थोडे तुकडे उरले. हर्ननें ही कथाहि लिहून ठेविली.

१७८२ सालीं फ्रेंच नौसेनानी ला पेरूज यानें किल्ला घेतला, तेव्हां तेथील मुख्याधिकारी हर्नच होता. त्याचें हस्तलिखित शत्रूच्या हातीं पडलें. तें छापावें या अटीवर ला पेरूजनें परत केलें. हर्न १७९२ सालीं वारला व ग्रंथ १७९५ सालीं लंडनांत निघाला.

आतां त्याची परीक्षा. नदीमुखाचा अक्षांश हर्ननें ७१°५४′ दिला. १८२१ सालीं फ्रँकलिनच्या मोजणींत तो ६७°४८′ च्या आसपास ठरला. ही चूक सुमारें ४५० किलोमीटरांची झाली. १७ जुलै १७७१ रोजीं मातोनाबीच्या लोकांनीं केलेल्या इन्युइटांच्या कत्तलीचें छापील वर्णनहि उपलब्ध हस्तलिखित नकलेहून अधिक रंगविलेलें आहे, असें अभ्यासकांनीं दाखविलें. मग तांब्याचें काय?

१९६७-६८ च्या सुमारास अनेक कंपन्यांनीं तेथें हजारों दावे नोंदविले व छिद्रें पाडलीं. अशा कामांत पोकळ नळीच्या तोंडाशीं हिरे बसविलेले असतात. ती फिरत खडकांत उतरते व आंत दगडाचा दंडगोल राहतो. यास गाभा म्हणतात. गोठलेल्या भूमींत नळींतील पाणी थिजूं नये म्हणून त्यांत मीठ मिसळतात. गाभ्याचे तुकडे क्रमवार पेटींत ठेवून खोली लिहितात, मग तो उभा चिरून अर्धा पृथक्करणास धाडतात व अर्धा जपून ठेवितात. पोथीचीं सुटीं पानें लावण्यासारखेंच हें काम. क्रम चुकला कीं साक्ष गेली.

सुमारें १२७ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाच्या थरांतील भेगांत तांब्याचें गंधकयुक्त खनिज निघालें. मुख्य साठ्याचा अंदाज सुमारें ४० लक्ष टन दगड, त्यांत शेंकडा सुमारें ३ तांबें, असा झाला. परंतु समुद्र बहुतेक वर्षभर गोठलेला व प्रदेशांत रस्ता नाहीं. त्या साठ्यावर आजवर खाण चालू झालेली नाहीं. नदीमुखावरील कॉपरमाइन गांवाचें नांव १९९६ पासून कुग्लुक्टुक आहे.

म्हणजे तांबें होतें, पण जहाजें भरण्याजोगें वर पडलेलें नव्हतें. एकाच मोठ्या तुकड्याची हर्नची नोंद खरी होती. अंदाजी हिशेबानें काढलेला त्याचा अक्षांश पडला, छापतांना वाढलेला मजकूर संशयित ठरला, परंतु डोळ्यांनीं पाहून लिहिलेलें टिकलें. लोककथेस भूगर्भशास्त्र ठाऊक होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. पृष्ठावरील तांबें पिढ्यान् पिढ्या वेंचून संपत आल्याची आठवण तींत असावी, इतकेंच म्हणतां येईल. अक्षांशाच्या चुकीवरून कोणीं ती वही टाकून दिली असती, तर ही आठवणहि तिच्याबरोबर गेली असती. आपल्या संग्रहांतील बखरी व कैफियतीहि अशाच कलमवार तपासल्या पाहिजेत.