धक्क्यावरची लाट कुठून येते?

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. जामखेड तालुक्यातलं खर्डा आणि कोकणातलं अलिबाग जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. खर्ड्याच्या किल्ल्यापासून नाकासमोर पश्चिमेला निघालं, तर पावणेतीनशे किलोमीटरवर समुद्र लागतो. रस्त्याने घाट उतरून जायचं तर अंतर वाढतं, आणि त्यात पाण्याची भाषाच बदलते. विहीर, तलाव आणि सीना नदी पाहत वाढलेल्या माणसाला पाणी किती खोल आहे हे विचारायची सवय असते. समुद्रावर आधी विचारायचं असतं, किती वाजले आणि लाट कुठून येते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आणि सहलींच्या हंगामात इकडच्या बसगाड्या मांडवा, अलिबाग, मुरूड, मालवण गाठतात. बोटीत चढताना किंवा धक्क्यावर उभं राहून लाटा बघताना लोक वर आभाळाकडे पाहतात आणि ते स्वच्छ दिसलं की निश्चिंत होतात. घोटाळा तिथेच होतो. धक्क्यावरच्या पाण्याचं बरंचसं ठरतं ते चंद्रामुळे, हजारो किलोमीटर दूरच्या वादळामुळे आणि समुद्राच्या तळामुळे. डोक्यावरच्या आभाळाचा वाटा त्यात सगळ्यात लहान असतो.

उंची नव्हे, सेकंद मोजा

लाटेबरोबर पाणी पुढे सरकत नाही. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की कणसं वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. ताट कुठे जात नाही, वाकणं तेवढं शेतभर पळतं. खोल समुद्रात पाण्याचं तसंच असतं. पळते ती ऊर्जा. किनाऱ्याजवळ तळ लागला की मात्र लाट अडखळते, वर चढते आणि फुटते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा-दीडपट उरली की ती कोसळते. मग पाणी खरोखरच पुढे धावतं, आणि तेवढंच मागे ओढलंही जातं.

लाट ओळखायची ती दोन माथ्यांमधल्या वेळावरून. जवळच्याच वाऱ्याने उठवलेली लाट चार-पाच सेकंदांनी येते. तिची लांबी चाळीसेक मीटर असते, ती खडबडीत दिसते आणि आवाजही फार करते. दूरच्या वादळातून निघालेली लाट बारा, पंधरा, कधी अठरा सेकंदांनी येते. पंधरा सेकंदांची लाट खोल समुद्रात साडेतीनशे मीटर लांब असते आणि वरून गुळगुळीत दिसते. होडीतल्या माणसाला ती कळतही नाही.

लाटेचा जोर उंचीच्या वर्गावर आणि या सेकंदांवर ठरतो. सव्वा मीटरच्या जवळपासची, म्हणजे 1.2 मीटर उंचीची पाच सेकंदांची लाट घ्या आणि तिच्याशेजारी 0.8 मीटरची पंधरा सेकंदांची लाट ठेवा. पहिलीचा गुणाकार 7.2 होतो, दुसरीचा 9.6. दिसायला बुटकी असलेली लाट एक तृतीयांशाने जास्त जोर घेऊन येते. शिवाय लांब लाट उथळ पाण्यात जास्त उंचावते. समुद्राच्या अंदाजात ‘एक मीटरपेक्षा कमी’ वाचून हसणाऱ्याने शेजारचा सेकंदांचा आकडाही वाचावा.

वर्षभरात तीन बाजूंनी येणारं पाणी

कोकणच्या धक्क्यांवर वर्षभर एकच समुद्र नसतो. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा. मोसमी वारा अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर विनाअडथळा वाहतो आणि बाहेर खोल पाण्यात तीन-चार मीटरच्या लाटा सहज उठवतो. हाच वारा सह्याद्री चढताना आपलं बहुतेक पाणी घाटमाथ्यावर ओततो आणि पलीकडे उतरतो तेव्हा रिकामा झालेला असतो. जुलैत खर्ड्यात सोसाट्याचा वारा आणि कोरडं आभाळ असतं, त्याच आठवड्यात मांडव्याच्या धक्क्याबाहेर समुद्र खवळलेला असतो. दोन्हीकडे वारा तोच. बालाघाटच्या या पट्ट्यात पावसाची खरी भिस्त सप्टेंबरवर असते, आणि तेवढ्यात तिकडे समुद्र निवळायला लागतो.

हिवाळ्यात चित्र उलटतं. नोव्हेंबर ते मार्च समुद्र शांत असतो, उंची अर्ध्या-एक मीटरवर येते. पण अधूनमधून वायव्येकडून लाटांचा ताफा येतो आणि इथलं कोणतंच कारण त्याला लागू पडत नाही. त्याचं मूळ अरबस्तानात असतं. इराणच्या आखाताच्या बाजूला हिवाळ्यात ‘शमाल’ नावाचे जोरदार वायव्य वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे पान हलत नसताना पाणी हलतं ते यामुळे.

फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आणखी एक रोजचा फेरा असतो. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. सकाळी समुद्र आरशासारखा, दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि तीन-चार वाजेपर्यंत पाण्यावर आखूड, टोकदार लाटा उठतात. त्या जीवघेण्या क्वचितच असतात, पण लहान होडीला हेलकावे देऊन पोटातलं बाहेर काढायला पुरेशा असतात. बोटीचा प्रवास सकाळीच उरकावा हा कोकणातला सल्ला त्यामुळेच.

चौथी पाहुणी वारंवार येत नाही. आली की न सांगता येते. दक्षिण गोलार्धात, आफ्रिकेच्याही खाली, समुद्रात वादळं उठतात. तिथून निघालेली पंधरा सेकंदांची लाट दिवसाला साधारण हजार किलोमीटर कापते आणि आठवडाभराने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचते. केरळातले मच्छीमार तिला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. मे 2024 मध्ये याच कारणाने मुंबई महापालिकेने लोकांना किनाऱ्यापासून दूर राहायला सांगितलं होतं. अंदाज होता अर्ध्या ते दीड मीटरच्या लाटांचा, आभाळ उन्हाळ्याचं होतं. अनेकांना ती सूचना अतिशयोक्त वाटली असणार. वर केलेला गुणाकार ज्याने केला असेल, त्याला वाटली नसेल.

या लांब लाटा टोळीने येतात. चार-सहा मोठ्या, मग कित्येक मिनिटं जवळजवळ काहीच नाही. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उतरणारा माणूस नेमका त्या मधल्या शांततेत उतरतो. पाण्याजवळ जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसावं, यापेक्षा स्वस्त खबरदारी मला माहीत नाही.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटी हा भाग कोकणातला पोरगाही तोंडपाठ सांगतो आणि घाटावरचा पदवीधर विचारात घेत नाही. चोवीस तासांत दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात. म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. मुंबई-अलिबाग पट्ट्यासाठी ढोबळ हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक चार-पाच मीटरचा, म्हणजे दीड मजल्याचा असतो. दक्षिणेला तो कमी होत जातो आणि मालवणकडे दोन-अडीच मीटरवर येतो.

आता ही गोष्ट अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लावून पाहा. ओहोटीत किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीत तो चारी बाजूंनी पाण्यात असतो. पहाटे निघालेली सहलीची बस दुपारी बाराला किनाऱ्यावर पोहोचली आणि त्या दिवशी पौर्णिमा असली, तर समोर पूर्ण भरती असणार. अष्टमीला गेलात तर दुपारी ओहोटी मिळेल, पण ती भांगाची, म्हणजे अर्धवट. वाटेत पाणी लागू शकतं. सहलीची तारीख सुट्ट्यांकडे पाहून ठरते. भिंतीवर टांगलेल्या त्याच कॅलेंडरवर शेजारी तिथीही छापलेली असते, तीही पाहिली तर काय बिघडतं!

आणि हे निव्वळ सोयीचं प्रकरण नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारी, वादळ नाही, पाऊस नाही. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीत माणूस नकळत फार आत जातो, आणि परतणाऱ्या पाण्याची ओढ कमरेएवढ्या पाण्यातही पाय उचलते.

धक्का लाटेचं काय करतो

खांबांवर उभी असलेली जेटी लाटेला अडवत नाही. पाणी खांबांमधून निघून जातं आणि तिला लागलेली बोट वर-खाली होत राहते. बोट स्थिर ठेवायची तर बाहेरच्या बाजूला दगडांचा किंवा काँक्रीटच्या टेट्रापॉडचा लाटरोधक बांध घालावा लागतो. मांडव्याला असा बांध आहे, म्हणूनच तिथे मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट लागू शकते. भाऊचा धक्का मुंबई बंदराच्या आत, आडोशाला आहे. मांडवा बंदराच्या तोंडाशी. एकाच फेरीत एक टोक निवांत आणि दुसरं अस्वस्थ असू शकतं.

सरळ उभी भिंत लाटेला शोषत नाही, परत पाठवते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढल्या की तिथलं पाणी दुप्पट उसळतं. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्टची ‘वेज’ नावाची जागा. बंदराच्या दगडी बांधावर आपटून वळलेली लाट मागून येणाऱ्या लाटेला मिळते आणि किनाऱ्यालगतच उंच सुळका उभा राहतो. फळीवर स्वार होणारे लोक तो पाहायला आणि अंगावर घ्यायला दुरून येतात. आपल्याकडे मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्याच्या तटाखालीही पाणी असंच परत फिरतं. किल्ल्याचा मुख्य दरवाजा किनाऱ्यावरच्या राजपुरीकडे, म्हणजे खुल्या समुद्राला पाठ करून आहे. बांधणाऱ्यांना लाट कळत होती.

बांधाच्या कडेने आणखी एक गोष्ट घडते. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि भिंतीला चिकटून समुद्राकडे पळतं. तो पट्टा बाहेरून शांत दिसतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. पोहायला लोक हमखास तिथेच उतरतात. त्या प्रवाहात सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झटून पोहू नये. बांधापासून दूर, किनाऱ्याला समांतर सरकावं आणि मग आत यावं.

बांधामुळे वाळूचीही वाट अडते. पुदुच्चेरीला 1980 च्या दशकात बंदराचे बांध झाले आणि उत्तरेकडे सरकणारी वाळू दक्षिणेला साठली; उत्तरेला शहराची पुळण नाहीशी झाली. म्हणून असे बांध घालण्याआधी त्यांची लहान प्रतिकृती करून तिच्यावर लाटा सोडून पाहतात. हे काम देशात मुख्यतः होतं ते समुद्रापासून दूर, पुण्याजवळच्या खडकवासल्यात, 1916 साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. खर्ड्याच्या विद्यार्थ्याला लाट या विषयात काम करायचं असेल, तर त्याला किनाऱ्यावर राहायला जायची गरज नाही.

सर्फिंग इथे फारसं का नाही?

थोडक्यात उत्तर: पावसाळ्यात लाट फार आणि बेशिस्त, इतर वेळी फार थोडी. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. त्यावरून घासत येताना लांब लाटा थकतात. गोव्यात आश्वे-मांद्रे भागात आणि कर्नाटकात मुळकीला सर्फिंग शिकवतात, तेही समुद्र शांत असतानाच्या महिन्यांत.

बावटा आणि अंदाज

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटेची उंची, दिशा आणि सेकंद यांचा अंदाज रोज देते. वाऱ्या-पावसाचा अंदाज हवामान विभागाचा. दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात. बंदरांवर मात्र अजून बावट्याची जुनी पद्धत आहे. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळी हवा दूर समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे बंदरावरच सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रात सगळ्यात जास्त वाचायला मिळतो तो हाच. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन आदळलं. वादळाच्या केंद्रापासून रत्नागिरी बरीच दूर होती.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा, जंजिरा, सिंधुदुर्ग इथल्या प्रवासी बोटीही थांबतात. सप्टेंबरात त्या सुरू होतात, पण तारखा दरवर्षी थोड्या पुढे-मागे होतात, तेव्हा निघण्याआधी बंदरावर फोन करावा. बावटा उतरला म्हणजे समुद्र निवळला असंही नाही. वारा पडल्यावर लाट आणखी एक-दोन दिवस चालू राहते. अशा दिवशी बोटीचा तांडेल ती सोडायला नको म्हणाला, तर त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नये.