आफ्रिकेशी नाते असलेले आपले शेजारी



अक्रा ही पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाची राजधानी. 'होमोवो' हा तेथील गा लोकांचा सण, म्हणजे भुकेची खिल्ली उडवण्याचा दिवस. मक्याच्या पिठाचे 'क्पोक्पोई' प्रथम पूर्वजांच्या नावाने शिंपडतात, मग सारे मिळून जेवतात. हा सोहळा पाहण्यास दुरून पाहुणे येतात.

आफ्रिकेशी नाते असलेले लोक आपल्या खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागातही राहतात. ते म्हणजे सिद्दी. त्यांचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणले. तेथून निसटून कित्येकजण सह्याद्रीच्या रानात वसले. सिद्दींमध्ये हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. वाडवडिलांना तेही पूजतात. सणासमारंभात दमाम वाजवून नाचतात. त्यांच्या कोकणीत मराठी व कानडी शब्द मिसळलेले असतात. जुन्या कपड्यांची 'कवंदी' म्हणजे तर आपली वाकळच!

उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

रंग व केस पाहून "तुम्ही कोणत्या देशाचे?" असे त्यांना विचारू नये. ते पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहेत. भेट झाल्यास नाव विचारा, गाव विचारा. ओळख अशीच होते.

— मुख्याध्यापक