अष्टप्रधान घोकू नका, जोड्या लावा!

इतिहासात अष्टप्रधान मंडळ आलं की अमात्य, सचिव, सुमंत यांची हमखास खिचडी होते. उपाय फुकटातला आहे. जुन्या लग्नपत्रिका कापून १६ पत्ते करा: आठांवर पदं, आठांवर कामं. सगळे पालथे मांडायचे, एका वेळी दोनच उघडायचे. जोडी जमली की पत्ते तुमचे. नाही जमली तर पुन्हा पालथे.

'सुमंत' निघाला की 'परराज्यांशी संबंध' मघाशी कुठे दिसलं होतं ते आठवावं लागतं. अर्थ आपोआप घोळत राहतो. खरी गंमत 'मंत्री' आणि 'सचिव' यांच्यापाशी, कारण कागदपत्रं दोघांकडेही! मंत्र्याच्या पत्त्यावर 'पत्रव्यवहार', सचिवाच्या पत्त्यावर 'आज्ञापत्रं तयार करणं' असं स्पष्ट लिहा. तरी वाद होणारच, होऊ द्या.

पत्ते उचलण्याआधी एक पूर्ण वाक्य बोलायचं, ही अट मी सोडत नाही: "अमात्य राज्याचा जमाखर्च बघायचे." नाहीतर मुलं नुसत्या जागा लक्षात ठेवतात.

नागरिकशास्त्रालाही चालतं: सरपंच, गटविकास अधिकारी, तहसीलदार. फक्त गट चौघांचाच ठेवा, मोठ्या गटात निम्मी मुलं खिडकीबाहेर बघत बसतात.