रग्बीचे मैदान आणि वकिलीचा काळा डगला

रग्बी हे नाव आपल्या कानावर क्वचितच पडते. हा खेळ आहे तरी कसा? एका बाजूला पंधरा गडी, अंड्याच्या आकाराचा लांबट चेंडू आणि ऐंशी मिनिटांचा सामना. चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. हाताने चेंडू द्यायचा तर मागच्या गड्याला. पुढच्याला देता येत नाही. पळणाऱ्याला समोरचे गडी मिठी मारून आडवा करतात. कबड्डीतली पकड आणि तालमीतली झोंबी एकत्र केली, की रग्बीची साधारण कल्पना येते.

अशा अंगमोडीच्या खेळात माणूस किती वर्षे टिकणार? पस्तिशी आली की बहुतेकांचे मैदान सुटते. कुणाचा गुडघा त्याच्या आधीच जबाब देतो. आयुष्य मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे उरलेले असते. मग पुढं करायचं काय? हा प्रश्न जितका त्यांचा, तितकाच आपल्या तालमीतल्या पोराचा आहे.

रग्बीत या प्रश्नाला पूर्वी एक आपोआप मिळणारे उत्तर होते. १९९५ सालापर्यंत त्या खेळात मोबदला घेण्यास बंदी होती. पोट भरायला प्रत्येकाला दुसरा धंदा करावाच लागे. कुणी डॉक्टर, कुणी शेतकरी, कुणी शिक्षक. १९९१ सालच्या जागतिक करंडकाचा अंतिम सामना घ्या. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर १२–६ असे हरवले. जिंकणारा कर्णधार निक फार-जोन्स वकील होता आणि हरलेल्या संघात पुढच्या फळीत झुंजणारा ब्रायन मूर हाही वकीलच!

ऑगस्ट १९९५ मध्ये ती बंदी उठली. खेळाडूंना करार मिळाले, पगार मिळाले. ही गोष्ट न्यायाचीच झाली. ज्याच्या घामावर तिकिटे खपतात त्याला वाटा मिळायलाच हवा. पण आता सकाळ-संध्याकाळ सराव, मध्ये व्यायाम, वर्षभर प्रवास. दुसरा धंदा आपोआप सुटला. आता तो शिकायचा तर हट्टाने शिकावा लागतो.

असा हट्ट धरणारे आहेत. न्यूझीलंडचे कॉनरॅड स्मिथ यांनी वेलिंग्टनच्या विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती. देशासाठी ते ९४ आंतरराष्ट्रीय सामने खेळले, २०११ आणि २०१५ अशा दोन्ही जगज्जेत्या संघांत होते. खेळ थांबल्यावर ते खेळाडूंच्या जागतिक संघटनेत, खेळाडूंचे हित पाहण्याच्या कामाला लागले. आपल्याकडेही भारतीय महिला रग्बी संघाच्या कर्णधार राहिलेल्या पुण्याच्या वाहबिझ भरूचा फिजिओथेरपिस्ट आहेत. दुखावलेले सांधे बरे करण्याची विद्या त्यांच्या हाती आहे.

पण या वाटेवर सर्वांत दूर गेलेला माणूस पाहायचा, तर अमेरिकेत जावे लागेल. तिथला फुटबॉल हा रग्बीच्याच पोटी जन्मलेला खेळ. त्यातले ॲलन पेज १९४५ साली ओहायो राज्यातल्या कँटन या गावी जन्मले. त्या गावात थोर फुटबॉलपटूंच्या सन्मानाची इमारत उभी राहत होती, तेव्हा या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे मजुरी केली. १९६७ साली ते मिनेसोटाच्या व्यावसायिक संघात दाखल झाले. १९७१ साली वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान त्यांना मिळाला. बचाव करणाऱ्या गड्याला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

पेज यांनी कायद्याच्या वर्गात पहिल्यांदा नाव घातले, तेव्हा तीनच आठवड्यांत वर्ग सोडला. पण खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधी म्हणून काम करताना करार, तक्रारी, वाटाघाटी हे सारे त्यांनी जवळून पाहिले. खेळ चालू असतानाच त्यांनी पुन्हा नाव घातले. यावेळी मात्र सोडले नाही. १९७८ साली कायद्याची पदवी हाती आली आणि त्याच वर्षी संघाने त्यांना मोकळे केले! अंगात बळ होते म्हणून दुसऱ्या संघाने घेतले, १९८१ पर्यंत ते खेळले. पण त्या दिवशी त्यांच्या खिशात दुसरी किल्ली होती, हे विसरू नका.

पुढे त्यांनी वकिली केली, सरकारी कायदे खात्यात काम केले. १९९३ साली ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. त्या न्यायपीठावरचे पहिले कृष्णवर्णीय. वयाची सत्तरी गाठून २०१५ साली निवृत्त झाले. ज्या इमारतीवर मजुरी केली, तिथेच १९८८ साली त्यांचा सन्मान झाला. त्या समारंभात आपली ओळख करून द्यायला त्यांनी एखाद्या प्रशिक्षकाला बोलावले नाही, तर एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले. त्याच वर्षी गरजू मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्थाही काढली.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे येऊ. जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करणारी पोरं इथं गावोगाव आहेत. २०१४ पासून कबड्डीतही व्यावसायिक संघ आले. २०२५ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा अहिल्यानगरातच भरली, तेव्हा पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला आणि बंदीची कारवाई झाली. पंचाचा निकाल चुकला असे वाटले तर दाद कुठे मागायची, करारावर सही करण्याआधी काय वाचायचे, दुखापतीचा खर्च कुणी सोसायचा, हे सारे कायद्याचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे देणारा, स्वतः मातीत लोळलेला वकील किती उपयोगी पडेल!

वाट बंद नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्हींना प्रवेश परीक्षा असते. पुढे सनद घेऊन वकिलांची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव असल्या, तरी त्या नोकरीलाही पदानुसार शिक्षण लागतेच.

म्हणून गुरुजींना एक विनंती. शाळेला ढाल मिळवून देणाऱ्या मुलाला आपण कौतुकाने वर्गातून सूट देतो. सूट सरावाला द्या, अभ्यासाला देऊ नका. बुडालेला धडा संध्याकाळी त्याच्याकडून करून घ्या. आणि आईबापांनो, खुराकाच्या दुधाबरोबर वह्या-पुस्तकांचा खर्चही धरा. जमीन ओली आहे तोवरच पेरणी होते; खेळाडूच्या आयुष्यात ती ओल विशीतच असते.