ओपिनेल घराण्याचा चाकू

कलमें बांधतांना चाकूचें पातें एकाएकीं मिटून बोट कापल्याचें दुःख आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. म्हणून ही हकीकत बागाइतदार बंधूंस सादर करीत आहों.

फ्रान्समधील साव्हॉय या डोंगराळ प्रांतीं ओपिनेल घराणें शेतकऱ्यांसाठीं कुऱ्हाडी, कोयते घडवीत असे. १८९० सालीं १८ वर्षांच्या जोसेफनें, वडिलांस पसंत नसतांही, लांकडी मुठीचा साधा मिटता चाकू तयार केला. १८९७ मध्यें त्याचीं १ ते १२ अशीं क्रमवार मापें ठरलीं. चाकू लोकप्रिय झाला, परंतु उघडें पातें अडकवून ठेवण्याची सोय त्यांत नव्हती. ती उणीव जोसेफचे पुत्र मार्सेल यांनीं १९५५ सालीं, म्हणजे ६५ वर्षांनीं, फिरतें कडें बसवून दूर केली. कडें फिरविलें कीं पातें मिटत नाहीं.

चाकू घेतांना धारेबरोबर ही सोयही पाहावी, इतकेंच आमचें सांगणें.