रात्री ठणकणारी मान : प्रत्येक वेळी उसणच नसते

तारापूर एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या माणसाची मान आखडली, तर घरात बाम निघतो, शेक दिला जातो. बहुतेकांना चार-आठ दिवसांत आराम पडतो. पण १० ते २५ वयाच्या मुलामुलीची मान महिनोन्‌महिने दुखत असेल, रात्री जास्त ठणकत असेल, एका बाजूला वाकडी राहत असेल, तर ती उसण समजून बसू नका.

मानेत ७ मणके असतात. त्यांच्या हाडात क्वचित साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ होते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही त्यातली एक. ती बहुधा २ सेंटिमीटरहून लहान असते, शरीरात पसरत नाही. पण दुखते फार. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने दुखणे बऱ्याचदा चटकन थांबते आणि इथेच फसगत होते. मेडिकलमधून गोळ्या आणता आणता वर्ष जाते. गाठ तिथेच राहते, वर पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका. ऑस्टिओब्लास्टोमा ही गाठ याहून मोठी होते व मज्जारज्जूवर दाब आणू शकते.

या गाठी कोणाच्या संसर्गाने होत नाहीत आणि करणीनेही नाही. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. निदान होईपर्यंत मान मोडून घेऊ नका, जोराची मालीश नको.

लहान गाठ साध्या एक्स-रेत सुटू शकते. सीटी स्कॅनमध्ये हाड आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जू नीट दिसतो. सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

काही गाठींवर नुसते लक्ष ठेवतात, काही सुईने उष्णता देऊन जाळतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे पाठवले, तर पालघर-बोईसरहून रेल्वेने दादर गाठले की परळचे केईएम आणि टाटा रुग्णालय जवळच. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

हातातून वस्तू निसटणे, हातपाय बधिर होणे, चाल डळमळणे, लघवीवर ताबा न राहणे, यातले एकही दिसले तर पगाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.